थांब म्हणणारा वस्ताद

फुटबॉल म्हटले की तुमच्या-आमच्या डोळ्यांपुढे पायाने टोलवला जाणारा गोल चेंडू येतो. अमेरिकेतला फुटबॉल त्यातला नव्हे. तिथे लांबट चेंडू छातीशी धरून पळायचे आणि समोरच्या धिप्पाड गड्यांनी अंगावर कोसळून पळणाऱ्याला आडवे करायचे, असा मामला! कित्येक विद्यापीठांच्या सामन्यांना लाख लाख माणसे लोटतात. अशा खेळात डावपेच शिकवणारा गुरू जितका मोलाचा, तितकाच अंगात ताकद भरणारा वस्तादही. त्याला तिकडे ‘स्ट्रेंग्थ कोच’ म्हणतात.

गंमत अशी, की एके काळी या वस्तादाला कुणी विचारीत नसे. वजने उचलली की स्नायू आखडतात व गडी मंद होतो, अशी जाणत्यांचीही समजूत होती. नेब्रास्का विद्यापीठात बॉइड एप्ली हा बांबूउडीचा खेळाडू पाठ दुखावल्यामुळे वजने उचलून शरीर सावरीत असे. त्याचे पाहून जायबंदी फुटबॉलपटूही तिथे येऊ लागले आणि पहिल्याहून दणकट होऊन मैदानावर परतू लागले. साहाय्यक प्रशिक्षक टॉम ऑस्बर्न यांनी हे हेरले. १९६९ साली मुख्य प्रशिक्षक बॉब डेव्हनी यांनी एप्लीला नेमले, पण अट घालून: एक जरी पोरगा मंदावला, तरी तुझी नोकरी गेली!

पोरे मंदावली नाहीत. १९७० आणि १९७१, लागोपाठ दोन वर्षे नेब्रास्काने राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. श्रेय एकट्या वजनांचे नव्हे. पण मग ज्याला त्याला असा वस्ताद हवासा झाला. १९७८ साली एप्लीच्याच पुढाकाराने या मंडळींची राष्ट्रीय संघटनाही निघाली.

आज हंगाम नसताना मुख्य प्रशिक्षकाच्या सरावावर नियमांची बंधने असतात. तेव्हा मुले असतात ती मुख्यतः या वस्तादाच्या हाती. त्याची शिट्टी म्हणजे हुकूम. आणि इथेच मन थबकते.

२९ मे २०१८ रोजी मेरीलँड विद्यापीठात अशाच सरावात मुलांना एकापाठोपाठ एक धावा काढायला लावल्या होत्या. त्यांत एकोणीस वर्षांच्या जॉर्डन मॅकनेरचे अंग गळून गेले. तो उष्माघात होता. अशा वेळी बर्फाच्या पाण्यात बसवून अंग तातडीने गार करायचे असते. तेवढे झाले नाही. १३ जूनला तो गेला. पुढे विद्यापीठाने चूक कबूल केली, वस्तादाने पद सोडले.

मी पडलो मराठीचा मास्तर. ‘आणखी थोडा जोर लाव’ हे मीही वर्गात उठता-बसता म्हणतो. म्हणायला सोपे असते ते! समोरचा पोरगा मान डोलावतो आणि त्याचा दम कुठे संपला हे आपल्याला कळतही नाही. ताकद वाढवणे ही विद्या खरीच. पण कुठे थांबवायचे हे ओळखणे ही त्याहून अवघड विद्या. डेव्हनींची अट आज मी जरा बदलून घालीन: थकलेल्या एका जरी पोराला थांबवायला चुकलास, तरी तुझी नोकरी गेली!