पादप

गेल्या आषाढांत पावसानें चार दिवस उघडीप दिली, तेव्हां आमच्या अंगणांतील कुंडींतली तुळस मलूल दिसूं लागली. पानांनीं मान टाकली. तहानली असेल, असें समजून मी सकाळसंध्याकाळ एकेक तांब्या पाणी अधिक घालूं लागलों. सूनबाई दोनदां म्हणाली, “मामंजी, माती ओलीच आहे.” पण शाळेंत जन्मभर सृष्टिज्ञान शिकविलेल्या माणसास तें पटावें कसें? आठवड्यानें तुळस गेली. उपटून पाहतों तों मुळें काळीं, कुजकीं!

संस्कृतांत वृक्षास पादप, म्हणजे पायांनीं पिणारा, म्हणतात. कमळाच्या देठांतून तोंडानें पाणी वर ओढावें तसा वृक्ष मुळांनीं पितो, असें शांतिपर्वांत भृगु भरद्वाजास सांगतात. उपमा मोठी मार्मिक. मात्र ओढणारें तोंड वर, पानांत आहे. अन्न तयार करण्यास लागणारा कर्बवायु आंत घेण्यासाठीं पानांवरील सूक्ष्म रंध्रें दिवसा उघडतात आणि त्यांच्यावाटे वाफ बाहेर पडते. मुळांनीं घेतलेल्या पाण्यापैकीं शेंकडा ९० हून अधिक असें उडून जातें. सौदा महागाचा खरा. पण त्या उडण्यानेंच खालचें पाणी वर खेचलें जातें. पाण्याचे कण परस्परांस घट्ट धरून असल्यामुळें खोडांतील बारीक नळ्यांतून त्यांचा धागा तुटत नाहीं. डब्लिनच्या डिक्सन व जॉली यांनीं १८९४ सालीं मांडलेली ही उपपत्ति आजही ग्राह्य आहे.

मातींतील नत्र, स्फुरद, पालाश यांचे क्षार पाण्याबरोबर आपोआप वर जातात, असें मी वर्गांत सांगत असें. तें अर्धेंच खरें. मुळांस ते बहुतांशीं शक्ति खर्चून आंत घ्यावे लागतात व त्या शक्तीसाठीं प्राणवायु लागतो. तो मातीच्या कणांमधील हवेंतून मिळतो. पाणी तुंबलें कीं ती हवा हुसकली जाते, आणि पाण्यांतून प्राणवायु हवेंतल्यापेक्षां सुमारें दहा हजार पटींनीं सावकाश पसरतो. भाताच्या रोपांत पानांपासून मुळांपर्यंत हवेच्या पोकळ वाटा असतात, म्हणून तें चिखलांत सुखानें वाढतें. तुळशीस ती सोय नाहीं. गुदमरलेलीं मुळें पाणीही आंत घेईनाशीं होतात. आमची तुळस पाण्यांत उभी राहून तहानेनें मेली.

कुंडीचें भोंक गाळानें बुजलें होतें. तें मोकळें करून, मातींत जाड वाळू मिसळून श्रावणांत नवें रोप लावलें. पेरभर बोट मातींत घालून ओल पाहण्याचें काम आतां सूनबाईनें स्वतःकडे घेतलें आहे. तांब्या ती माझ्या हातीं देत नाहीं.