जाड ऑइलवर माया नको

साप्ताहिक सदर : दोन चाकं

“मिस्त्री, ऊन लई पडायलंय, औंदा जाडच ऑइल टाका.” नांदेडच्या वर्कशॉप कॉर्नरपासून लातूरच्या गंजगोलाईपर्यंत, मे महिन्यात कुठल्याही गॅरेजसमोर थोडा वेळ उभं राहिलं की हे ऐकू येतं. मिस्त्रीही मान डोलावतो आणि गाडी स्प्लेंडर असो की शाइन, फळीवरचा वीस-चाळीस नाहीतर वीस-पन्नासचा डबा उघडतो. गाडीवर जीव आहे म्हणूनच माणूस असं सांगतो. पण त्यानं इंजिनाचं भलं होत नाही. ऑइल किती जाड हवं हे आपलं ऊन ठरवत नाही, ते इंजिनाची घडण ठरवते.

डब्यावरच्या आकड्यांचा अर्थ आधी पाहू. १०डब्ल्यू-३० मधला पहिला आकडा इंजिन थंड असतानाचं ऑइलचं वागणं सांगतो, दुसरा तापल्यानंतरचं. २०डब्ल्यू ऑइलची थंडीतली चाचणी उणे १५ अंशांवर होते, १०डब्ल्यूची उणे २५ वर. एवढी थंडी मराठवाड्यात पडत नाही. तरीही पहाटे दूध घेऊन निघणाऱ्यानं किक मारली की पातळ ऑइल हेडमधल्या कॅमशाफ्टपर्यंत लवकर पोचतं, आणि इंजिनाची झीज अशा सुरुवातीच्या क्षणांतच अधिक होते. दुसरा आकडा १०० अंश सेल्सिअसला मोजतात. त्या तापमानाला ३० ग्रेडच्या ऑइलचा दाटपणा ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक असतो, ५० ग्रेडचा १६.३ ते २१.९. तीसच्या जागी पन्नास टाकणं म्हणजे इंजिनाला जवळजवळ दुप्पट दाट ऑइल ओढायला लावणं.

उन्हाची काळजी अगदीच बिनबुडाची आहे असं मी म्हणणार नाही. आपल्या बहुतेक गाड्या हवेनं थंड होणाऱ्या आहेत. पारा ४२-४३ वर, मागं डीएपीची गोणी किंवा ट्रिपल सीट, आणि अहमदपूरकडे बालाघाटचा चढ, म्हणजे इंजिन जास्त तापणारच. पण भारतात विकायच्या गाडीचं ऑइल ठरवताना कंपनीनं हे ऊन आणि हे ओझं धरलेलं असतं. तीच गाडी राजस्थानातही विकली जाते. पिस्टन-बेअरिंगमधल्या फटी, ऑइलपंपाची ताकद, हेडकडे जाणारी बारीक वाट, सगळं एका ठरावीक दाटपणासाठी बेतलेलं असतं. त्याहून दाट ऑइल त्या वाटेनं सावकाश जातं, पंपावर ताण येतो आणि पेट्रोल जास्त लागतं. उलट, पन्नासच्या ऑइलवर बेतलेल्या इंजिनात तीसचं टाकलं तर कडक उन्हात दोन धातूंमधला थर अपुरा पडतो.

म्हणून गाडीगणिक उत्तर वेगळं आहे. आजच्या स्प्लेंडरला आणि शाइनला १०डब्ल्यू-३० लागतं. पल्सर १५० साठी वर्षानुवर्षं २०डब्ल्यू-५० चालत आलं आहे. रॉयल एनफिल्डच्या क्लासिक ३५० ला १५डब्ल्यू-५० सांगितलं आहे. नाव तेच राहिलं तरी मॉडेलच्या वर्षाप्रमाणे ग्रेड बदलू शकतो, तेव्हा आपल्याच वर्षाचं मालकपुस्तक पाहावं. पुस्तकात दोन ग्रेड दिले असतील तर उन्हाळ्यात आणि ओझ्याच्या कामाला त्यातला दाट घ्यावा. निवडीची मोकळीक एवढीच.

आता गिअरचं. मोटारसायकलमध्ये इंजिन, क्लच आणि गिअर यांना एकच ऑइल पुरतं. तापल्यावरही ऑइलचा दाटपणा टिकावा म्हणून त्यात लांब साखळीचे पॉलिमर घातलेले असतात. गिअरचे दाते ते पॉलिमर सतत तोडत राहतात, आणि ऑइल हळूहळू पातळ होतं. वीस-पन्नास टाकलं आणि दुप्पट किलोमीटर ओढलं, तर शेवटी इंजिनात पन्नासचं ऑइल उरतच नाही. वेळेवर बदललेलं योग्य ग्रेडचं ऑइल त्याहून कितीतरी चांगलं राखण करतं.

ग्रेडइतकंच महत्त्वाचं आणखी एक अक्षर डब्यावर असतं. आपल्या गाड्यांचा क्लच ऑइलमध्ये बुडालेला असतो. त्यासाठी जपानमध्ये १९९८ साली जासो हे मानक आलं. मोटारसायकलला सहसा जासो एमए किंवा एमए२ हवं. अ‍ॅक्टिव्हासारख्या स्कूटरचा क्लच कोरडा असतो, तिला एमबी चालतं. तेच एमबी एमए मागणाऱ्या मोटारसायकलमध्ये ओतलं तर क्लच घसरू शकतो. घरी ट्रॅक्टरसाठी आणलेल्या १५डब्ल्यू-४० च्या बादलीतलं लिटरभर गाडीत टाकायची सवय गावोगावी आहे. त्या बादलीवर जासोचा शिक्का नसेल तर क्लचची हमी कुणीच दिलेली नाही. सुट्या ऑइलचंही तेच. आणि नवा डबा संपला की तो फोडूनच टाकावा, म्हणजे कुणी त्यात भलतंच भरून विकणार नाही.

मराठवाड्यातल्या गाडीला वेगळी काळजी लागते, हे खरंच आहे. लोहा, अहमदपूर, चाकूर या पट्ट्यात राशीच्या दिवसांत गाड्या धुळीतूनच चालतात. ती धूळ एअर फिल्टरमधून आत गेली तर कितीही दाट ऑइल सिलिंडर वाचवू शकत नाही. म्हणून फिल्टर पुस्तकातल्या मुदतीआधीच साफ करावा, कच्च्या रस्त्याची आणि ओझ्याची गाडी असेल तर ऑइलही आधी बदलावं. शंभर सीसीच्या गाडीत जेमतेम लिटरभर ऑइल असतं. त्यातलं पावशेर कमी झालं तरी उरलेल्यावर ताण वाढतो. महिन्यातून दोनदा गाडी सपाट जागी डबल स्टँडवर लावून पातळी पाहावी. साइड स्टँडवर पाहिलेली पातळी चुकीची निघते.

धुराड्यातून निळा धूर येत असेल तर ऑइल जळतंय. रिंगा किंवा व्हॉल्व्हचे सील गेलेले असतात. तिथं दाट ऑइल टाकलं की धूर चार दिवस कमी होतो आणि खर्च पुढं ढकलला जातो, पण झीज थांबत नाही.

मिस्त्रींना दोष देऊन हे सुटणार नाही. आपल्या रस्त्यांवरच्या एमएच-२४ आणि एमएच-२६ च्या कितीतरी गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या हातातल्या आहेत. मालकपुस्तक पहिल्याच व्यवहारात हरवलेलं असतं. मग मिस्त्रीनं पाहायचं कुठं? टायरमध्ये हवा किती भरायची याचं स्टिकर कंपनी गाडीवर लावते. त्याच्याच शेजारी ऑइलचा ग्रेड, जासोचं अक्षर आणि मिलिलिटरमधलं माप, एवढी एक ओळ मराठीत छापायला खर्च जवळपास काहीच येत नाही. कंपन्यांनी ती छापावी, आणि नांदेड-लातूरच्या विक्रेत्यांनी तशी मागणी त्यांच्याकडे लेखी करावी. तोवर आपण आपल्या गाडीचा ग्रेड शोधून आरसी बुकाच्या पाकिटावर लिहून ठेवावा, आणि गॅरेजमध्ये “जाड टाका” म्हणण्याऐवजी तो आकडा सांगावा.