मांडीचं हाड मोडलं तर

घरातलं वडीलधारं माणूस पडलं, पाय उचलता येईना, पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसला, तर 'जरा चालून बघा' म्हणू नका. मालीश नको. हाडवैद्याकडून ओढून बसवणं तर मुळीच नको. मांडीचं हाड मधोमध मोडलं की आतल्या आत लिटरभर रक्त जाऊ शकतं, बाहेर थेंबही दिसत नाही.

पायांमध्ये उशी ठेवा. दोन्ही पाय हलक्या हाताने एकत्र बांधा. १०८ ला फोन करा. चहासुद्धा पाजू नका. भूल द्यायला पोट रिकामं लागतं.

दवाखान्यात 'रॉड टाकावा लागेल' हे ऐकून घाबरू नका. बहुतेक वेळा कुल्ह्याजवळ छोटा छेद घेतात आणि हाडाच्या पोकळीतून सळई सरकवतात. मोडलेली जागा उघडावी लागत नाही, डॉक्टर सगळं एक्स-रेच्या पडद्यावर पाहत असतात. त्यामुळे रक्त कमी जातं आणि जखम चिघळण्याची भीतीही कमी. ही काही कालची टूम नव्हे. जर्मनीतल्या क्युन्चर नावाच्या सर्जननं १९४० सालीच ती मांडली होती. मात्र हाडाचा चुरा झाला असेल किंवा मोड सांध्यात गेली असेल, तर मोठा छेद लागू शकतो. त्यावरून डॉक्टरांशी वाद घालू नका.

'आता या वयात कशाला ऑपरेशन?' असं नातेवाईक हमखास म्हणतात. त्यांचं ऐकू नका. महिनाभर अंथरुणावर पडून राहिलं की पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठतो, पायात रक्ताच्या गुठळ्या होतात. म्हाताऱ्या माणसाला मोडलेल्या हाडापेक्षा हेच जास्त बाधतं. तब्येत साथ देत असेल तर दोन दिवसांच्या आत ऑपरेशन झालेलं बरं. पैशांची अडचण असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेबद्दल दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा. आधार आणि रेशनकार्ड सोबत न्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा.

घरी आल्यावर खरी परीक्षा असते. टाके छोटे दिसतात, दुखणं कमी होतं, आणि आजी वॉकर बाजूला ठेवून स्वयंपाकघरात जातात. हाड जुळायला तीन ते सहा महिने लागतात. पायावर किती भार द्यायचा, ते डॉक्टरांकडून स्पष्ट विचारून घ्या. तंबाखू आणि मशेरी बंद करा, त्यांनी हाड जुळायला उशीर लागतो.

पोटरी सुजली, जखमेतून पाणी आलं किंवा ताप भरला, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. एकाएकी दम लागला, तर तडक १०८ ला फोन करा.