ज्ञान वरदान नव्हे, ओझेही नव्हे. ते समाजाचे कर्ज आहे!

गेल्या महिन्यात विहारातील कार्यक्रमानंतर एक सेवानिवृत्त अधिकारी आम्हाला म्हणाले, "वकीलसाहेब, जास्त शिकलो हेच चुकले. कचेरीत शेवटच्या दिवसापर्यंत 'कोट्यातला' म्हणूनच ओळखले गेलो. वस्तीत गेलो तर 'साहेब आले' म्हणून लोक गप्प होतात. आमचा अडाणी बाप आमच्यापेक्षा सुखी होता." भोवतालचे लोक हसले. आम्हाला मात्र हसू आले नाही. बुद्धी आणि ज्ञान हे वरदान की ओझे, हा आमच्या समाजात केवळ वक्तृत्व स्पर्धेचा विषय नाही.

प्रथम 'वरदान' या शब्दाचाच समाचार घेऊ. वर देणारा देव असतो. आम्हाला ज्ञान कोणत्या देवाने दिले? ज्या कथांत शंबुकाचे शिर उडवले जाते आणि एकलव्याचा अंगठा मागितला जातो, त्या कथांतल्या देवांनी तर खचितच नाही. १८४८ साली पुण्यात जोतीराव-सावित्रीमाईंनी शाळा काढली, तेव्हा अंगावर शेण झेलावे लागले. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० साली औरंगाबादेत मिलिंद उभे राहिले, ते बाबासाहेबांच्या परिश्रमांतून. जे लढून मिळते त्याला वरदान म्हणत नाहीत, हक्क म्हणतात.

मग ओझे? कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले बाबासाहेब १९१७ साली बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. त्यांना राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेतून लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. ते ओझे ज्ञानाचे होते की जातीचे? २०१६ साली हैदराबादेत रोहित वेमुलाने आणि २०१९ साली मुंबईत डॉ. पायल तडवीने आपले आयुष्य संपवले. दोन्ही प्रकरणांत जातीय छळाचे आरोप झाले. ही मुले पुस्तकांच्या भाराने वाकली असे कोण म्हणेल? अधिकारी महोदयांच्या कचेरीतल्या दुःखाचे नावही जात हेच आहे. त्याचा दोष शिक्षणावर टाकणे म्हणजे आरोपीला सोडून फिर्यादीला पिंजऱ्यात उभे करणे होय.

परंतु त्यांच्या तक्रारीचा दुसरा भाग, वस्तीतले अंतर, त्याची जबाबदारी आमची आहे. मज्झिम निकायात तथागतांनी दोन दृष्टांत दिले आहेत. शेपटीला धरलेला साप उलटून डसतो. तसाच वादात जिंकण्यासाठी शिकलेला धम्म शिकणाऱ्याचेच अहित करतो. आणि नदी पार झाल्यावर तराफा डोक्यावर घेऊन चालणारा मनुष्य शहाणा नव्हे. आमच्यापैकी कितीजण पदव्यांचा तराफा डोक्यावर मिरवत आहेत? पलीकडच्या काठावर अजून माणसे उभी आहेत, हे मागे वळून कोण पाहतो?

इतरांकडे बोट दाखवण्याआधी आमचाच गुन्हा कबूल करतो. काही वर्षांपूर्वी शनिवारी संध्याकाळी एक मायमाउली आमच्याकडे आली. गावातल्यांनी तिला जातीवरून शिवीगाळ करून मारले होते. आम्ही थकलो होतो. "सोमवारी या," म्हणालो. ती एकटीच ठाण्यात गेली. तेथे अदखलपात्र नोंद करून तिला परत पाठवले. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या १९९५ च्या नियमांनुसार तोंडी तक्रारही लिहून घ्यावी लागते, वाचून दाखवावी लागते, नक्कल फुकट द्यावी लागते. ठाण्याने नाकारल्यास पोलीस अधीक्षकांकडे टपालाने अर्ज करता येतो. हे सारे आम्हाला पाठ होते. तिला त्यातले काहीच ठाऊक नव्हते. पुढे गुन्हा नोंदवला गेला, पण तोपर्यंत साक्षीदार फिरले होते. त्या दोन दिवसांत आमच्या कपाटातल्या कायद्याच्या पुस्तकांची किंमत रद्दीएवढी होती.

१८ मार्च १९५६ रोजी आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्यांविषयी जी व्यथा बोलून दाखवली, ती आमच्यासारख्यांसाठीच होती. बाबासाहेबांनी प्रज्ञेच्या जोडीला शील आणि करुणा सांगितली, ती उगाच नाही. करुणेविना प्रज्ञा एक तर अहंकार होते, नाही तर ओझे.

म्हणून आम्ही ज्ञानाला कर्ज म्हणतो. आईबापांच्या मजुरीचे, चळवळीच्या लाठ्यांचे कर्ज. त्याचे हप्ते भरणे थांबवले की ते जड होत जाते. त्या अधिकाऱ्यांना आम्ही एकच विनंती केली आहे: दर रविवारी दोन तास विहारात बसा, मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरून द्या. ते येतात का पाहू. आम्ही शेजारच्या टेबलावर तक्रारींचे अर्ज लिहायला असूच.

जयभीम!