‘आगकाड्यांची मौज’ आणि भारतीय ॲनिमेशनची चुकलेली जन्मतारीख

भारतीय ॲनिमेशनचा आरंभ कधी झाला, या प्रश्नाला बहुधा १९५७ हेच उत्तर मिळते. फिल्म्स डिव्हिजनचा कार्टून विभाग, डिस्नेच्या स्टुडिओत काम केलेले क्लेअर वीक्स आणि त्यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेला ‘द बनियन डिअर’. हा इतिहास सोयीचा आहे, पण अपुरा आहे. त्याच्या ४२ वर्षे आधी, १९१५ मध्ये, दादासाहेब फाळके यांनी ‘आगकाड्यांची मौज’ हा कृष्णधवल, मूक लघुपट केला होता. त्यात नट नव्हते, देव नव्हते. होत्या त्या आपणहून हालणाऱ्या काड्या.

या चमत्कारामागची रीत साधी, पण जीवघेणी. काड्या मांडायच्या, एक चित्र टिपायचे, काड्या किंचित सरकवायच्या, पुन्हा एक चित्र. मूकपटांच्या काळात सेकंदाला साधारण १६ चित्रे धरली, तर एका मिनिटासाठी ९६० वेळा हा खेळ करावा लागे.

फाळक्यांना ही चिकाटी नवी नव्हती. १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा घेऊन आल्यावर त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभराहून अधिक काळ त्याच्या वाढीची चित्रे थोडी थोडी टिपली. पडद्यावर मात्र बीजाचा वेल क्षणार्धात झाला. ‘राजा हरिश्चंद्र’साठी भांडवल उभे राहिले ते हा चित्रपट दाखवून. (आज अर्धापूरच्या केळीच्या बागेत मोबाईल रोवून कोणीही घडाची वाढ अशी टिपू शकेल, तेव्हा कॅमेऱ्याची मूठ हातानेच फिरवावी लागे.) म्हणजे आपल्या कथापटाच्या पायाशीच ॲनिमेशनची ही भावंडकला उभी आहे. पाठ्यपुस्तकांत हरिश्चंद्र उरतो, वाटाणा गळून पडतो.

मग १९१५ मध्ये काड्याच का? १९१४ साली फाळके आपले चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले, आणि त्याच वर्षी महायुद्ध पेटले. परतल्यावर भांडवलदारांनी हात आखडता घेतला. पोशाख, नेपथ्य, नटसंच यांचा खर्च परवडेना, तेव्हा काडेपेटी परवडली! टंचाईने कला मरते असे म्हणतात. येथे टंचाईनेच कलेला वेगळी वाट दाखवली.

आक्षेप ठरलेला आहे: हे तर एमिल कोलचे अनुकरण. फ्रान्समध्ये कोल यांनी १९०८ मध्ये ‘फँटास्मागोरी’ केला. सुमारे ७०० रेखाटने, दोन मिनिटांहूनही कमी अवधी. त्यात बाटलीचे फूल होते आणि फुलाच्या देठाची हत्तीची सोंड. त्याच वर्षी त्यांनी आगकाड्यांचाही चित्रपट केला. साम्य उघड आहे. पण ‘अनुकरण’ हा शब्द वापरून विषय मिटवणे आळशीपणाचे आहे. फाळके जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले, छायाचित्रकार, मुद्रक आणि हौशी नव्हे तर शिकून तयार झालेले जादूगार. आपल्या आडनावाची अक्षरे उलटी करून त्यांनी घेतलेले ‘प्रोफेसर केळफा’ हे नाव प्रसिद्धच आहे. निर्जीव वस्तू जिवंत भासवणे हा त्यांचा जुनाच छंद होता. कोलकडून कल्पना आली असली, तरी हात आणि दृष्टी त्र्यंबकेश्वरच्या या माणसाची.

खरी अडचण वेगळी आहे. ‘आगकाड्यांची मौज’ आज उपलब्ध नाही. नायट्रेटची फिल्म झटकन पेट घेते, दमट हवेत कुजते, आणि जुन्या रिळांतली चांदी विकली जाई. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले १९६४ मध्ये, म्हणजे फाळक्यांच्या मृत्यूनंतर २० वर्षांनी. जपणारी संस्था उशिरा आली, म्हणून जे जपले गेले नाही ते घडलेच नाही असे मानण्याचा अधिकार कोणालाही मिळत नाही. शिलालेख फुटला म्हणून राजवंश रद्द होत नाही; चित्रपटाला मात्र आपण ही सवलत देत नाही.

१९३४ चा प्रभातचा ‘जंबूकाका’ही या यादीतून असाच वगळला जातो. यादी दुरुस्त करायला फार काही लागत नाही. १९५७ च्या वर दोन ओळी, आणि पहिल्या ओळीपुढे ‘अनुपलब्ध’ एवढा एक शब्द.