हसऱ्या कवितेला प्रश्नोत्तरांची शिक्षा

पहिली-दुसरीच्या वर्गात एखादी विनोदी कविता शिकविली जाते तेव्हा काय घडते? उंदीर मांजराला दरडावतो, अशी काही गंमत तीत असते. बाई कविता वाचतात, वर्ग खदखदून हसतो आणि लगेच ‘शांत बसा’ असा हुकूम सुटतो. मग शब्दार्थ, रिकाम्या जागा, ‘मांजर कोणाला घाबरले?’ हा प्रश्न आणि शेवटी पाठांतर. चार दिवसांनी तीच कविता मुले परवचा म्हटल्याप्रमाणे एका सुरात म्हणतात. हसत मात्र कोणीच नाही. कविता ‘शिकवून’ झालेली असते!

हा दोष एकट्या शिक्षकांच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. हसणे म्हणजे बेशिस्त, ही समजूत पालकांपासून अधिकाऱ्यांपर्यंत सर्वत्र मुरलेली आहे. वास्तविक विनोद कळणे हे बुद्धीचे काम आहे. उंदराने मांजराला दम दिला म्हणून जे मूल हसते, त्याला जगाची खरी रीत ठाऊक असते आणि ती उलटी झाल्याचे उमगलेले असते. त्याचे हसणे हेच त्याचे उत्तर होय. त्यावर आणखी प्रश्न कशासाठी? शिवाय या वयात अर्थाआधी नाद मनात शिरतो. यमकाच्या शब्दापाशी शिक्षक क्षणभर थांबले आणि साऱ्या वर्गाने तो शब्द पुरा केला, तर मुलांच्या कानाने भाषा पकडली असे समजावे. हाच तयार कान पुढे अक्षरे वाचताना उपयोगी पडतो.

गोव्यात तर याचे मोल अधिक आहे. येथील मराठी शाळांतील कितीतरी मुले घरी कोकणी बोलतात. ग्रंथिक मराठीशी त्यांची पहिली ओळख लाल शाईच्या खुणांनी झाली, तर ती भाषा त्यांना कायमची परकी वाटेल. हसण्याने झाली तर ती घरची होईल. आणि विनोदाचे आम्हाला वावडे कधी होते? नाथांनी परमार्थ भारुडातून सांगितला. जत्रेतल्या दशावतारात संकासुर आला की भ्यालेली पोरेच पुढच्या क्षणी हसू लागतात. ‘झेंडूची फुले’ लिहून कवींची रेवडी उडविणाऱ्या आचार्य अत्र्यांनीच मुलांसाठी ‘नवयुग वाचनमाला’ सिद्ध केली. देवगड तालुक्यात जन्मलेल्या विंदा करंदीकरांनी ‘राणीची बाग’, ‘पिशीमावशी आणि तिची भुतावळ’ असे बालकवितासंग्रह दिले. ज्ञानपीठ पुरस्काराचा मानकरी ठरलेल्या या कवीला मुलांसाठी भुतावळीची गंमत लिहिणे कमीपणाचे वाटले नाही!

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावयास हवे. बोबडेपणा, व्यंग, रंग वा जात यांवर हसविणारी कविता वर्गात येता कामा नये, कारण जिच्यावर ती बेतलेली असते ती व्यक्ती बहुधा त्याच वर्गात मान खाली घालून बसलेली असते. विनोद प्रसंगाचा असावा, प्राण्यांचा असावा. शिक्षकांनी स्वतःवरच केला तर फारच उत्तम.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे वयाचा एक सलग टप्पा मानून खेळातून शिक्षणावर भर दिला आहे. त्या धोरणाची आठवण देऊन आमची मागणी एवढीच आहे: या इयत्तांच्या पुस्तकांत काही विनोदी कविता अशा असाव्यात, की ज्यांच्याखाली स्वाध्याय नाही आणि ज्यांवर परीक्षा नाही. शिक्षकांनी त्या हावभावांसह म्हणाव्यात, मुलांना स्वतःची एखादी ओळ जोडू द्यावी आणि तीत कोकणी शब्द आला तर कौतुकाने स्वीकारावा. पालकांनीही शाळेतून परतलेल्या मुलाला ‘आज काय लिहिलेस?’ एवढेच न विचारता ‘आज कशाला हसलात?’ असे अवश्य विचारावे. ज्या भाषेत मूल लहानपणी मनमुराद हसले, ती भाषा ते मोठेपणी सहसा टाकीत नाही. मराठी शाळांची चिंता वाहणाऱ्यांनी एवढे ध्यानी घेतले तरी पुष्कळ झाले.