आपला हात जगन्नाथ : बर्फ पडण्याआधी ट्रॅक्टरचं ऑईल



आपल्यातली काही कुटुंबं आता शहराच्या गजबजाटातून बाहेर पडून दोन-पाच एकरांच्या घरात राहायला गेली आहेत. जागा आली की गवत आलं, गवत आलं की छोटा ट्रॅक्टर आला. उन्हाळ्यात गवत कापायचं, पानगळीत पाला ओढायचा आणि हिवाळ्यात दारासमोरचा बर्फ बाजूला सारायचा, ही सगळी कामं हा वीस-पंचवीस हॉर्सपॉवरचा गडी करतो. खंडेनवमीला आपण त्याला हळदकुंकू लावतो, झेंडूची माळ घालतो. पण त्याला खरा नैवेद्य हवा असतो तो ताज्या ऑईलचा, आणि तो याच दिवसांत द्यावा, पहिला बर्फ पडायच्या आत.

याच दिवसांत का? वर्षभर वापरलेल्या ऑईलमध्ये काजळी, ओलावा आणि आम्ल साठतं. इंजिन नुसतं उभं असलं तरी ते आम्ल आतल्या बेअरिंगना खात राहतं. शिवाय थंडीत ऑईल घट्ट होतं. पहाटे शून्याखाली पारा असताना काळं, जाड ऑईल इंजिनात वर चढायला वेळ लागतो आणि सगळ्यात जास्त झीज त्या पहिल्या काही क्षणांतच होते. घरात कोणी हॉस्पिटलच्या ड्यूटीवर निघालं आहे, बाहेर फूटभर बर्फ आहे आणि ट्रॅक्टर चालू होत नाही, ही वेळ कोणावरच येऊ नये.

ट्रॅक्टरचं वय मैलांवर नव्हे, तासांवर मोजतात. डॅशबोर्डवरचा मीटर तास दाखवतो. नव्या ट्रॅक्टरचं पहिलं ऑईल बहुधा ५० तासांनी बदलतात, कारण नव्या इंजिनातून सुटलेला धातूचा बारीक कीस त्यात उतरलेला असतो. त्यानंतर मॉडेलप्रमाणे १०० किंवा २०० तासांनी. आणि तास भरले नाहीत तरी वर्षातून एकदा. तुमचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. तोच प्रमाण.

सामान

डिझेल इंजिनाचं ऑईल, त्याच मॉडेलचा फिल्टर, ड्रेन बोल्टचा नवा वायसर, पान्यांचा संच, नरसाळं, पसरट ट्रे, हातमोजे आणि जुनी फडकी. जपानी, कोरियन आणि भारतीय ट्रॅक्टरचे बोल्ट मिलीमीटरमध्ये असतात. इंची पाना जवळपास बसतो आणि बोल्टचं डोकं गोल करून ठेवतो, म्हणून मिलीमीटरचेच पाने घ्या.

डब्यावरची अक्षरं वाचायला शिकलं की दुकानात गोंधळ होत नाही. '१५ डब्ल्यू-४०' मधला डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितकं ऑईल थंडीत पातळ राहतं. त्यामुळे मॅन्युअल परवानगी देत असेल तर उत्तरेकडच्या राज्यांत हिवाळ्यासाठी '१० डब्ल्यू-३०' बरं पडतं. डब्यावर 'सीके-४' अशी खूण असते. 'सी'ने सुरू होणारी खूण डिझेलची, 'एस'ने सुरू होणारी पेट्रोल गाडीची. फक्त 'एस' असलेला डबा ट्रॅक्टरसाठी घेऊ नका.

कृती

ट्रॅक्टर सपाट जागी, उघड्यावर उभा करा आणि पाच-दहा मिनिटं चालू ठेवा. कोमट ऑईल पातळ होतं आणि तळचा गाळ सोबत घेऊन येतं. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका. तो धूर जीव घेऊ शकतो.

मग पुढचं बकेट जमिनीवर टेकवा, पीटीओ बंद करा, हँडब्रेक ओढा आणि किल्ली काढून खिशात ठेवा. वर उचललेल्या बकेटखाली किंवा नुसत्या जॅकवर तोललेल्या ट्रॅक्टरखाली कधीही शिरू नका. बहुतेक छोट्या ट्रॅक्टरखाली हात जाईल इतकी जागा असतेच. मुलांना बघायचं असेल तर जरूर बघू द्या, पण चार हात लांबून.

आता इंजिनाचा ड्रेन बोल्ट शोधा. इथे घाई नको. गिअर आणि हायड्रॉलिकच्या तेलाचा बोल्ट वेगळा असतो आणि त्याचा फिल्टरही दिसायला सारखाच असू शकतो. काही इंजिनांना दोन ड्रेन बोल्ट असतात. मॅन्युअलमधलं चित्र समोर ठेवूनच पाना लावा. वर ऑईल भरायचं झाकण सैल करा, ट्रे खाली ठेवा आणि बोल्टच्या डोक्याकडे पाहत घड्याळाच्या उलट फिरवा. ऑईल गरम असतं, म्हणून शेवटचे आटे हातमोजा घालून काढा आणि हात पटकन बाजूला घ्या.

धार चालू असताना ऑईलकडे नीट बघा. डिझेलचं ऑईल काळं असतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण दुधाळ, कॉफीसारखं दिसलं तर आत पाणी शिरलं आहे. चमचमणारे कण दिसले तर आत काहीतरी घासतं आहे. डिझेलचा उग्र वास येत असेल आणि डिपस्टिकवर पातळी आपोआप वाढलेली असेल तर इंधन ऑईलमध्ये उतरतं आहे. या तिन्ही वेळी नवं ऑईल भरून काम भागवू नका, मेकॅनिकला बोलवा.

थेंब थांबले की नवा वायसर घालून बोल्ट बसवा. मग फिल्टर काढा. जुन्या फिल्टरचं रबर त्याच्यासोबतच आलं का, हे बोट फिरवून तपासा. ते इंजिनाला चिकटून राहिलं आणि त्यावर दुसरं बसलं तर इंजिन चालू होताच सगळं ऑईल बाहेर फेकलं जातं. नव्या फिल्टरच्या रबरावर ताज्या ऑईलचं बोट फिरवा आणि तो हातानेच आवळा. रबर टेकल्यावर साधारण पाऊण फेरा पुरतो. पाना फक्त काढायला, बसवायला नाही.

मॅन्युअलमधल्या मापापेक्षा थोडं कमी ऑईल भरा आणि डिपस्टिक बघा. डबे क्वार्टचे असतात. एक क्वार्ट म्हणजे लिटरला थोडं कमी. इंजिन चालू करा. ऑईलचा लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. विझला नाही तर लगेच बंद करा. विझला तर मिनिटभर चालू ठेवा, खाली गळती आहे का पाहा, बंद करून पाच मिनिटं थांबा आणि पातळी दोन खुणांच्या मध्ये येईल इतकं ऑईल घाला. 'असू दे थोडं जास्त' हा नियम वरणावरच्या तुपाला ठीक आहे. इथे जास्त ऑईलचा फेस होतो, आणि डिझेल इंजिन तेच ऑईल ओढून जाळू लागलं तर किल्ली बंद करूनही थांबत नाही.

जळकं ऑईल

गावी जळकं ऑईल कोणी फेकत नाही. दाराच्या चौकटीला, कुंपणाच्या खांबांना वाळवी लागू नये म्हणून फासतात. भारतातून आलेले बाबा किंवा मामा हे नक्की सुचवतील. त्यांचा काटकसरीचा हेतू चांगलाच आहे, पण इथे ते करू नका. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या म्हणण्याप्रमाणे एका वेळच्या बदललेल्या ऑईलने १० लाख गॅलन गोडं पाणी खराब होऊ शकतं. या देशात २ कोटी ३० लाखांहून अधिक घरं खासगी विहिरीचं पाणी पितात. शहराबाहेर राहणारे आपण बहुतेक त्यांतलेच. त्या पाण्यावर शहराच्या नळासारखी सरकारी देखरेख नसते. अंगणातल्या मातीत मुरलेलं ऑईल आपल्याच स्वयंपाकघराच्या नळाला येऊ शकतं.

म्हणून ते रिकाम्या डब्यांत भरा. त्यात पेट्रोल किंवा कूलंट मिसळू नका, नाहीतर ते पुन्हा वापरात आणता येत नाही. गाड्यांच्या सुट्या भागांची अनेक दुकानं आणि काउंटीची केंद्रं ते फुकट घेतात. फिल्टरही रात्रभर निथळून तिथेच द्या. बाबांना सोबत न्या. जळक्या ऑईलवर प्रक्रिया करून पुन्हा ऑईल करतात हे कळलं की त्यांनाही ते वाया गेल्यासारखं वाटणार नाही.

वहीत नोंद

फिल्टरवर मार्करने तारीख आणि तास लिहा. वहीतही तेच लिहा आणि पावत्या जपून ठेवा. घरगुती वापराच्या वस्तूंबाबत १९७५ चा मॅग्नसन-मॉस कायदा आहे. केवळ ऑईल तुम्ही घरी बदललं, एवढ्या कारणावरून कंपनी वॉरंटी नाकारू शकत नाही. मात्र ऑईल वेळेवर आणि योग्य प्रतीचं घातलं हे दाखवता आलं पाहिजे, आणि ती वही तेव्हाच कामी येते.

पहिल्यांदा करणाऱ्यांना दोन तास लागतील, पुढच्या वर्षी एक. शेजारी शेतकरी असेल तर त्याला सोबत बोलवा आणि नंतर फराळाचं ताट द्या. या देशात माझ्या पाहण्यात तरी चकलीने जोडलेली शेजारची नाती हिवाळ्यात फार उपयोगी पडतात.